वीज गेली, तर औषधांचे काय?

आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही, पण दर पावसाळ्यात बेटे मात्र तयार होतात. सिपना, गडगा, खापरा या नद्या भरून वाहू लागल्या की मेळघाटातील कित्येक खेडी चहूबाजूंनी तुटतात. पूर्णाकाठच्या गावांनाही हा अनुभव आहे. अशा वेळी एखादे झाड तारांवर कोसळले तर दुरुस्तीची माणसे पोचणार कशी? मग दोन-दोन, तीन-तीन दिवस अंधार. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती २०१८ साली. तोवर तेथे जनरेटरवर संध्याकाळचे काही तासच दिवे लागत.

अंधाराची सवय होते हो, पण आजाऱ्याला वीज लागते ती दिव्यासाठी नव्हे. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको या बेटावर मारिया नावाचे चक्रीवादळ आले. वादळाचे बळी म्हणून सरकारने आधी ६४ जणांची नोंद केली होती. पुढे विद्यापीठाच्या अभ्यासानंतर हा आकडा २,९७५ मान्य करण्यात आला. वादळानंतरच्या महिन्यांत वीज नाही, रस्ते बंद, औषधोपचार खंडित, अशा स्थितीत गेलेले लोक त्यात होते. सर्वांच्या घरी वीज परत यायला तेथे जवळपास ११ महिने लागले.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आरोग्य शिबिरासाठी गेलो असता मी मेळघाटातील एका गावात तीन दिवस अडकलो होतो. नाल्यावरचा रपटा पाण्याखाली आणि वीज पहिल्याच रात्री गेलेली. दुसऱ्या दिवशी आश्रमशाळेतील एक गुरुजी इन्सुलिनची बाटली घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, फ्रीज बंद पडून दीड दिवस झाला. आता हे औषध विषारी झालं असेल ना? म्हणून सकाळचं इंजेक्शन घेतलं नाही." भारनियमनाच्या दिवसांत अकोला-अमरावतीतही हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे.

तेव्हा हे नीट समजून घ्यावे. इन्सुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेने ते विषारी होत नाही, त्याची ताकद हळूहळू घटते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी हे खरे. परंतु वापरात असलेली बाटली २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात साधारण चार आठवडे चालते. म्हणजे पावसाळी हवेत गुरुजींच्या बाटलीला दीड दिवसात काहीही झाले नव्हते. खरा धोका होता तो चुकलेल्या इंजेक्शनचा. विशेषतः लहानपणापासून मधुमेह असलेल्या मुलांनी इन्सुलिन थांबवले तर एक-दोन दिवसांत उलट्या, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास सुरू होऊन जिवावर बेतते. औषधाची शंका असली तरी नवे मिळेपर्यंत तेच घ्यावे आणि साखर तपासत राहावे.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. पारा ४५ च्या पुढे गेला की टिनाच्या छपराखालच्या फडताळात बाटली ठेवून चालत नाही. तेथे आपला माठ कामाला येतो. माठाखाली आपण ओली रेती ठेवतोच. तशीच रेती मोठ्या मडक्यात भरावी, त्यात लहान मडके बसवावे आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात बाटली घालून तो डबा आत ठेवावा. वर ओले फडके टाकावे. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून कोरड्या वैशाखात ही युक्ती उत्तम चालते. श्रावणातल्या दमट हवेत ती मंदावते, पण तेव्हा गरजही कमीच असते.

बर्फ मिळाला तर बाटली त्याला टेकवू नये, मध्ये कापड ठेवावे. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते, ते पुन्हा पातळ झाले तरी वापरायचे नाही. पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले किंवा दुधी इन्सुलिनमध्ये हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते बदलावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींची चिंता पुष्कळांना वाटते. तेथील खास शीतपेट्यांच्या भिंतींत बर्फाचा थर असतो. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी आतली थंडी टिकते.

दम्याच्या रोग्याने मात्र वाफेच्या यंत्रावर सगळा भरवसा ठेवू नये. स्पेसर लावून घेतलेला पंप बहुतेकांना तेवढाच उपयोगी पडतो आणि त्याला वीज लागत नाही. घरी ऑक्सिजनचे यंत्र असेल तर एक भरलेले सिलिंडर पावसाळ्याआधीच आणून ठेवावे. आणि कोणी हौसेने जनरेटर आणलाच, तर तो पाऊस लागतो म्हणून ओसरीत घेऊ नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचेही तेच.