मिनर्व्हा ते राजुरा: सराउंड साउंडचा मागोवा

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. या बोलपटांचा सगळा आवाज एकाच मार्गाने, पडद्यामागच्या कर्ण्यातून येई. त्याच १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन यांनी स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आवाजाची दिशा कळते ती दोन कानांमुळे. उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. वेळेचा हा फरक फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढणाऱ्या सराउंड साउंडची सारी उभारणी या क्षमतेवर झाली.

‘फँटासिया’ या चित्रपटासाठी डिस्नेने १९४० मध्ये प्रेक्षकांभोवती ध्वनिवर्धक लावले. यंत्रणा इतकी खर्चिक होती की ती मोजक्याच चित्रगृहांत बसली. १९५३ च्या ‘द रोब’मध्ये चुंबकीय पट्ट्यांवर चार मार्ग आले, तीन पडद्यामागे आणि एक प्रेक्षागृहात.

भारतात या तंत्राची खरी छाप पाडली ती ‘शोले’ने. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट ३५ मिलिमीटरवर चित्रित करून ७० मिलिमीटरवर वाढवला गेला. त्या प्रतीवर ध्वनीचे सहा चुंबकीय मार्ग होते. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात तो पाच वर्षे चालला. चित्रपटातल्या जयने उडवलेले नाणे खणखणत खाली पडे, तेव्हा प्रेक्षक ते खुर्चीखाली शोधू लागत, असे सांगितले जाते. पण ७० मिलिमीटरची प्रत महाग होती आणि तिला वेगळा प्रोजेक्टर लागे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावांच्या वाट्याला साधी ३५ मिलिमीटरची प्रत येई. तिच्यात तेच नाणे एकाच कर्ण्यातून, समोरच वाजे.

शहर आणि गाव यांतले हे अंतर कमी करण्याची वाट डॉल्बी स्टिरिओने दाखवली. १९७० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या या पद्धतीत डावा, मधला, उजवा आणि भोवतालचा असे चार मार्ग गणिती पद्धतीने दोन प्रकाशीय पट्ट्यांत गुंफले जात. यंत्र असलेल्या चित्रगृहात ते पुन्हा सुटे होत. यंत्र नसले तरी तीच प्रत साध्या कर्ण्यावर वाजे. हिंदीत १९९४ च्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’पासून ही पद्धत रुळू लागली. तोवर जगात अंकीय ध्वनी अवतरला होता. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटलने फिल्मच्या छिद्रांमधल्या जागेत माहिती छापली, तर १९९३ मध्ये डीटीएसने ध्वनी स्वतंत्र सीडीवर ठेवून फिल्मवर फक्त वेळेची खूण उमटवली. पाच दिशांचे पाच मार्ग आणि घुमणाऱ्या खालच्या स्वरांसाठी एक मर्यादित मार्ग, ही ५.१ ची मांडणी पुढे डीव्हीडीबरोबर घरोघरी गेली.

२००५ च्या सुमारास उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचवण्याची सोय सुरू झाली आणि प्रतीच्या खर्चाचा अडसर दूर झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलेनियर’च्या ध्वनिमिश्रणासाठी सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले. २०१२ मध्ये डॉल्बी ॲटमॉस आले. यात आवाज ठरावीक कर्ण्याला बांधलेला नसतो. तो अवकाशात कुठे आहे, एवढेच नोंदवले जाते. मग चित्रगृहातले साठ कर्णे असोत की कानातले दोन, हाती असलेल्या साधनांप्रमाणे यंत्र मांडणी करते. म्हणून आज राजुऱ्यातल्या मोबाइलवरही भोवताली फिरणारा आवाज हेडफोनमधून ऐकता येतो.

पूर्व विदर्भाच्या याच भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीने मात्र दुसरा मार्ग धरला. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे या रंगभूमीचे केंद्र. हिवाळ्यात गावोगावच्या मंडपांत रात्रभर नाटके रंगतात. रंगमंचावर टांगलेले मायक्रोफोन संवाद टिपतात आणि वादक प्रत्यक्ष साथ करतात. हजारोंच्या उघड्या मंडपात प्रत्येकाचे कर्ण्यापासूनचे अंतर वेगळे असते, म्हणून दिशेच्या नाजूक खेळापेक्षा शेवटच्या रांगेपर्यंत शब्द स्पष्ट जाणे महत्त्वाचे. तिथे एकमार्गी ध्वनी हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो.

दंडार या झाडीपट्टीतल्या लोकनाट्याची गोष्ट वेगळी आहे. प्रेक्षक चहूबाजूंनी बसतात आणि ढोलाचा ठेका, गाणे, हशा वेगवेगळ्या दिशांनी येतात. अशा खेळाच्या मुद्रणासाठी १९७० च्या दशकात मायकेल गर्झन आदींनी विकसित केलेली अँबिसॉनिक पद्धत फार उपयुक्त आहे. एकाच जागी बसवलेले चार मायक्रोफोन पूर्ण गोलातला आवाज टिपतात आणि तो नंतर कर्ण्यांवर वा हेडफोनवर उलगडता येतो. एकेकाळी मोठ्या चित्रगृहापुरते असलेले सराउंड साउंडचे तंत्र आता लहान पेटीत मावते. झाडीपट्टीच्या लोककलांचे दस्तऐवजीकरण करताना कलावंतांचा आवाज त्यांच्या जागेसह जपण्यासाठी ते अवश्य वापरले जायला हवे.