चिमणीच्या बाळाचा डबा

शू! हळू ये. चपला दाराशीच काढ. हां, इथं बस, खिडकीच्या गजांपाशी. आता कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघ. दिसली?

चिमणी!

म्हणजे खरं तर चिमणा. कसं ओळखलं? गळ्याखाली बघ ना. बाळाला भरवताना लाळेरं बांधतात, तसं काळं लाळेरं आहे त्याला! चिमणीला ते नसतं. ती आपली साधी, मातकट.

ही माझी गॅलरी. पुण्याच्या सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. केवढी म्हणशील? तुझ्या वर्गातले दोन बाक मावतील एवढी! सहा कुंड्या, पाण्याचं एक पसरट मातीचं भांडं आणि दोरीनं टांगलेली एक नारळाची करवंटी. झाली बाग!

आमच्या पेठेतल्या देवांची नावं ऐकलीस का कधी? इथं चिमण्या गणपती आहे. आणि उपाशी विठोबासुद्धा आहे! मी म्हटलं, विठोबा असेल उपाशी, पण आपल्या गॅलरीतून चिमणी उपाशी जायला नको.

म्हणून रोज सकाळी करवंटीत मूठभर बाजरी आणि तांदळाच्या कण्या. फरसाण नाही. बाकरवडीचा चुरा तर मुळीच नाही! कोंबडीचं एक अंडं हातात धरून बघ. चिमणीचं वजन असतं त्याच्या साधारण निम्मं. एवढ्याशा जिवाला आपलं मीठ आणि तेल कसं सोसेल?

आता तिची चोच बघ. आखूड, जाड, टोकदार. अगदी आजोबांचा सुपारीचा अडकित्ता! दाणा आत गेला. टच्! टरफल बाहेर, गर पोटात.

पण थांब. चिमणीला दात नसतात. एकही नाही! मग गर बारीक कोण करतं? ओळख बघू!

तिच्या पोटात जातं असतं!

खरंच सांगते. चिमणी वाळूचे बारीक खडे गिळते. तिच्या पोटाचा एक भाग जाड, दणकट स्नायूंचा असतो. त्याला म्हणतात पेषणी. तिथं खडे आणि दाणे एकमेकांवर घासले जातात आणि दाण्यांचं होतं पीठ. आपल्याला भातात एक खडा लागला तर आपण केवढं तोंड करतो! आणि ही मुद्दाम खडे शोधून खाते.

आता मला जी गोष्ट कळायला फार उशीर लागला, ती सांगते.

एका मार्चमध्ये समोरच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत, एका भोकात, चिमणा-चिमणीनं घरटं केलं. आतून चिवचिव ऐकू यायला लागली. मी लगेच करवंटी काठोकाठ भरली. घरात बाळं आहेत, बाजरी जास्त लागणार!

पण छे! दोघं कुंड्यांत घुसायची, पानांखाली डोकवायची आणि भुर्रकन परत जायची. माझी बाजरी तशीच! मला रागच आला. पेठेत राहून अन्नाला नावं ठेवता?

मग एकदा चिमणी अगदी जवळ बसली. तिच्या चोचीत काहीतरी हिरवं वळवळत होतं.

अळी!

चिमणीच्या पिल्लाला दाणे चालत नाहीत! निदान पहिले काही दिवस तर नाहीच. तुझ्या घरी तान्हं बाळ असलं तर त्याला शेंगदाण्याचा लाडू देतात का? नाही ना? पिल्लाला हवं मऊ आणि ताकदीचं खाणं. म्हणजे अळ्या, मावा, कोळी, छोटे नाकतोडे. घाईच असते त्याला! अंड्यातून बाहेर येतं तेव्हा अंगावर एक पीस नाही, डोळे मिटलेले. आणि साधारण पंधरा दिवसांत ते घरट्यातून उडून जातं. तुझी दिवाळीची सुट्टी संपते न संपते, तेवढ्यात बाळाचं मोठं माणूस! म्हणून आई आणि बाबा दोघंही दिवसभर डबे पोचवत राहतात. किड्यांचे डबे!

हे विसरल्यामुळे एका मोठ्ठ्या देशाची फजिती झाली होती, ठाऊक आहे? १९५८मध्ये चीननं ठरवलं की चिमण्या धान्य खातात, तेव्हा त्या नकोतच. तिथली चिमणी म्हणजे आपल्या चिमणीची चुलत बहीण. लोक ढोल आणि थाळ्या बडवत रस्त्यावर आले. चिमण्यांना कुठं टेकूच द्यायचं नाही! बिचाऱ्या उडून उडून थकायच्या आणि खाली पडायच्या. मग काय झालं? पिकांवरच्या किडींना मोकळं रान मिळालं! शेवटी १९६०मध्ये चिमणीचं नाव त्या नकोशांच्या यादीतून काढलं. तिच्या जागी कुणाचं घातलं असेल? ढेकणाचं!

बरं, आता कबुतरांकडे वळू. ती बघ, समोरच्या गच्चीच्या कठड्यावर ओळीनं बसली आहेत. शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी. पेठेत चिमण्या कमी आणि कबुतरं एवढी का?

एक कारण घराचं. जुन्या वाड्यांच्या भिंतींत भोकं, कौलांखाली फटी, तसबिरींच्या मागं जागा. चिमणीला आयतं घर! नव्या इमारती गुळगुळीत, तिथं शिरायचं कुठून? कबुतरांचे पूर्वज मात्र डोंगरकड्यांवर राहायचे. त्यांना खिडकीचा सज्जा म्हणजे कडाच वाटतो.

दुसरं कारण ऐकून मी तीनताड उडाले होते. कबुतर पिल्लाला दूध पाजतं!

हो, दूध! गाईसारखं नव्हे हं. कबुतराच्या गळ्याशी अन्न साठवायची एक पिशवी असते. पिल्लं झाली की त्या पिशवीच्या आत पांढरा, घट्ट पदार्थ तयार होतो. श्रीखंडाच्या चक्क्यासारखा! तो आई पिल्लांना भरवते. आणि बाबासुद्धा! बाबांच्या गळ्यातही दूध तयार होतं! उजनी धरणाच्या पाण्यावर, भिगवणला रोहित पक्षी येतात ना, तेही पिल्लांना असंच दूध देतात. त्यांचं दूध तर लाल असतं!

म्हणजे बघ, कबुतराला बाळासाठी अळी शोधायला नको. आपण टाकलेल्या दाण्यांवर सगळं घर चालतं. म्हणून कबुतरांना दाणे घालायचे नाहीत. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ आपल्या फुप्फुसांत गेली तर आजारही होतात. मी तर करवंटीजवळ अस्सल पुणेरी पाटी लावली: ‘ही बाजरी चिमण्यांसाठी आहे. कबुतरांनी आशा धरू नये. – हुकुमावरून.’ पण कबुतरांना वाचता येत नाही, एवढाच घोळ झाला! आता मी दाणे थोडेच ठेवते. चिमण्या खाऊन गेल्या की करवंटी आत.

पाणी मात्र रोज हवं. भांडं उथळ, मध्ये एक दगड, म्हणजे छोट्या पक्ष्याला उभं राहता येतं. रोज ते घासायचं आणि पाणी बदलायचं, नाहीतर डासांचीच शाळा भरेल!

बघायला सकाळी बस, नाहीतर उन्हं उतरल्यावर. दुपारी १ ते ४ फारसं कुणी येत नाही. उन्हात पक्षीही सावलीला गप्प बसतात. पुण्याचेच ना ते!

आणि एक गुपित. कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शिट दिसली तर नाक मुरडू नकोस. नीट बघ. ती हलते का? हलली तर ती फुलपाखराची छोटी अळी! पक्ष्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून तिनं चक्क शिटेचं सोंग घेतलंय!

तुझ्या घरी एक जरी कुंडी असली, तरी तिच्यावर कीटकनाशक मारू देऊ नकोस. आई आमटीसाठी कढीपत्ता तोडायला आली की तिला सांग, ते खालचं कुरतडलेलं पान राहू दे. तिथं कुणाच्यातरी बाळाचा डबा आहे.