माहुआंगचे खरे मानकरी

माहुआंग म्हणजे इफेड्रा ही वनस्पती. चीनमध्ये तिची ख्याती हान काळापासूनची. वैद्य चांग चोंगचिंगच्या ग्रंथातला काढा चार द्रव्यांचा : माहुआंग, दालचिनीच्या डहाळ्या, जर्दाळूच्या बिया आणि ज्येष्ठमध. थंडीताप, अंगदुखी आणि धाप यांवर तो दिला जाई. पुढे शतकानुशतके टीकाकारांनी त्याच्या मात्रांचा कीस काढला; त्या पसाऱ्यात शिरायला नको. एक गोष्ट मात्र त्या वैद्यांनी अचूक टिपली. काड्यांनी घाम येतो, मुळांनी तो थांबतो. काड्यांतलं गुणकारी द्रव्य इफेड्रिन मुळांत जवळपास नसतं, उलट रक्तदाब उतरवणारी द्रव्यं असतात, हे रसायनशास्त्राला फार उशिरा कळलं.

जपानच्या नागाई नागायोशींनी १८८५ मध्ये इफेड्रिन वेगळं केलं, एवढं सांगून बहुतेक आढावे संपतात. नागाईंचा मान मोठाच. पण पुढची जवळजवळ चाळीस वर्षं हा रेणू वापरला गेला तो डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावायला! रेणू सापडला की औषध सापडलं, असं मानणाऱ्या रसायनपंथीयांनी याचं उत्तर एकदा द्यावं.

खरी कलाटणी पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात मिळाली. अमेरिकेत शिकून परतलेल्या के. के. चेन यांना देशी औषधांची छाननी करायची होती. सुरुवात कुठून करावी, हे त्यांनी विचारलं आपल्या मामांना, आणि मामांनी नाव घेतलं माहुआंगचं. चेन आणि कार्ल श्मिट यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या शिरेत अर्क टोचला. रक्तदाब चढला आणि बराच वेळ चढाच राहिला. १९२४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या दमेकऱ्यांच्या हाती गोळी आली.

गोळी, हेच महत्त्वाचं. अ‍ॅड्रेनलिन तोंडावाटे घेऊन उपयोग नाही. आतडं आणि यकृत त्याचा आधीच निकाल लावतात. इफेड्रिनच्या वलयावर अ‍ॅड्रेनलिनचे दोन हायड्रॉक्सिल गट नाहीत आणि बाजूच्या साखळीत एक मिथिल गट जादा आहे. म्हणून विकरं त्याला सहज मोडू शकत नाहीत. ते मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा बाहेर काढतं. साठा आटला की पुढच्या मात्रेचा जोर ओसरतो. मेंदूतही शिरत असल्यामुळे झोप उडते.

भारतात हाच धागा कोलकात्यात रामनाथ चोप्रांनी हिमालयातल्या इफेड्राच्या जातींवर पुढे नेला. वेदांतली सोमवल्ली म्हणजे इफेड्राच का, हा वाद घालणाऱ्यांनी तो खुशाल घालावा. मुंबईच्या पारशी अग्यारींतल्या यस्न विधीत कुटला जाणारा 'होम' मात्र इफेड्राचाच.

आज चित्र उदास आहे. दम्यात साल्ब्युटामॉलने इफेड्रिनची जागा घेतली. पाठीच्या कण्यातून भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब सावरायला ते अजून लागतं. पण काढ्याच्या शिस्तीतून सुटलेलं माहुआंग अमेरिकेत वजन उतरवण्याच्या गोळ्यांत शिरलं. हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यूंच्या तक्रारींनंतर २००४ मध्ये तिथे अशा पूरक गोळ्यांवर बंदी आली. 'वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक' असा डांगोरा पिटणारे आपल्याकडेही उदंड झाले आहेत. त्यातले किती जण मात्रेबद्दल चकार शब्द काढतात?

इफेड्रिनचं भावंड स्यूडोइफेड्रिन सर्दीच्या काही गोळ्यांत असतं. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या वाचकांनी वेष्टनावर हे नाव शोधावं आणि दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये.