टॅगवर ‘अँटिबॅक्टेरियल’, पण किती धुण्यांपर्यंत?

जिमसाठी घेतलेल्या टी-शर्टच्या टॅगवर ‘अँटिबॅक्टेरियल’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेलच. भिवंडीच्या मागांवरून कापड उतरतं तेव्हा त्यात असलं काही नसतं. ते ‘ग्रे’, म्हणजे कोरं. जंतू मारायची ताकद येते नंतरच्या फिनिशिंगमध्ये. कधी चांदीमुळे, कधी झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांमुळे.

झिंक ऑक्साइड म्हणजे आपल्या कॅलामाइन लोशनमधलीच पावडर. मग नॅनो झाल्यावर वेगळं काय होतं? १ मिलिमीटरचा ठोकळा घ्या. पृष्ठभाग जेमतेम ६ चौरस मिलिमीटर. त्याचेच १०० नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग भरतो ६०० चौरस सेंटिमीटर, जवळपास ए-फोर कागदाएवढा! या पृष्ठभागावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे आक्रमक रेणू तयार होतात, झिंकचे आयन सुटतात आणि जिवाणूचं बाहेरचं आवरण खिळखिळं होतं.

गंमत अशी, की हे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. गोळा झाला की नॅनोपण गेलं! माटुंग्याच्या ‘सिरकॉट’ या कापूस तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये त्यावर वापरला चक्क स्टार्च. भिवंडीकरांना तो काही नवा नाही. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला बळकटी द्यायला स्टार्चची खळ लागतेच. इथे विरघळणाऱ्या स्टार्चने कण सुटे ठेवले आणि मग ते सुती कापडावर बसवले. कापड जिवाणूंना रोखू लागलं, अतिनील किरणांनाही.

खरी परीक्षा मात्र वॉशिंग मशिनमध्ये. नुसते चिकटलेले कण धुण्यागणिक सुटतात, म्हणून बाइंडर लावतात. तरी जे सुटतात ते गटारातून कामवारीसारख्या नदीत जाणार, आणि ती आधीच रासायनिक रंगांच्या पाण्याने बेजार आहे. सांडपाणी साफ करणारे जिवाणू आणि पाण्यातलं शेवाळ, दोघांनाही जास्त झिंक सोसत नाही. टॅगवर धुण्यांचा आकडा नसेल, तर दुकानदाराला विचाराच.

मायक्रोबायोलॉजीवाल्यांनो, तुम्हाला तर लॅबमध्येच बघता येईल. एक तुकडा कोरा, एक साध्या कापडाचा, एक वीसदा धुतलेला. सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखाली अगार प्लेटवर ठेवा. तुकड्याभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ दिसलं की लगेच टाळ्या नकोत. वर्तुळ उमटलं, म्हणजे कापडातलं काहीतरी बाहेर झिरपतंय. तुकड्याच्या खाली जिवाणू वाढलेत का, ते आधी बघा.