कोणत्या नाण्याला किती बट्टा?

नाण्यांची वाट : लेखांक अकरावा

मागच्या आठवड्यात आपण शिवराईचे प्रकार पाहिले. हा लेख वर्षअखेरीचा, म्हणून यंदा संग्रहात नव्याने आलेल्या नाण्यांपैकी मला सर्वांत आवडलेल्या चार नाण्यांवर लिहितो. निवड करताना दुर्मीळपणा पाहिला नाही आणि बाजारभावही पाहिला नाही. प्रत्येक नाण्याला एकच प्रश्न विचारला : तू आपल्या मुलखातून दुसऱ्याच्या बाजारात गेलेस तेव्हा तुला किती बट्टा बसला, आणि का?

जळकोटच्या माणसाला हा प्रश्न सुचणे साहजिक आहे. आज आपला तालुका लातूर जिल्ह्यात आहे, पण 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या संस्थानात होता. शेजारचा उदगीर तालुका 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात मोडत होता. इथल्या बाजारात हाली रुपया चाले. आषाढीला पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्याला किंवा बार्शी-सोलापूरकडे माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला सरहद्द ओलांडली की इंग्रजी कलदार लागे. करोडगिरीच्या नाक्यावर मालाची झडती होई आणि पैशाचा हिशेब सराफाकडे. म्हणून पहिला मान हालीला.

1. चारमिनार छापाचा हाली रुपया

हे नाणे उदगीरच्या एका सराफाकडे मोडीत आलेल्या चांदीतून मिळाले. हाली रुपया काही दुर्मीळ नाही. मराठवाड्यात जुन्या घरांच्या पेट्यांत तो अजून सापडतो. पण तो वाचता येणारे कमी, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका बाजूला मधोमध चारमिनार आहे. त्याच्या कमानीत एक अरबी अक्षर दिसते. ‘मीम’ असेल तर नाणे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे, ‘ऐन’ असेल तर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे. भोवती ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादुर’ ही अक्षरे आणि 92 हा आकडा. हा आकडा पाहून अनेकजण ते साल समजतात. ते साल नव्हे. अरबी अक्षरांना ठरावीक संख्या दिलेल्या असतात. ‘मुहम्मद’ या नावातली मीम, हे, मीम, दाल ही अक्षरे म्हणजे 40, 8, 40 आणि 4. बेरीज 92. 1857 च्या उठावानंतर दिल्लीचा बादशहा उरला नाही, तेव्हा निजामांनी नाण्यावरून त्याचे नाव काढले. तिथे स्वतःचे नाव न घालता घराण्याचा मूळपुरुष आसफजाह आणि हा आकडा घातला.

साल हिजरी असते. ते इसवी सनात आणायची सोपी रीत अशी : हिजरी सालातून त्याचे तीन टक्के वजा करा आणि 622 मिळवा. माझ्या नाण्यावर 1337 आहे; म्हणजे 1918-19. दुसऱ्या बाजूला टाकसाळीचे नाव ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’ असे आहे.

आता बट्ट्याकडे येऊ. हाली रुपयाचे वजन सुमारे 11.18 ग्रॅम आणि त्यात चांदी 81.8 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 9.14 ग्रॅम. कलदाराचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी बारा भागांत अकरा. शुद्ध चांदी साधारण 10.69 ग्रॅम. दोन्हींचा भागाकार केला तर 100 कलदारांतली चांदी जमवायला सुमारे 117 हाली लागतात. व्यवहारातला दर सात हालीला सहा कलदार असा होता. त्या हिशेबाने 100 कलदार हवे असतील तर 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजावे लागत. म्हणजे बट्टा सराफाच्या लहरीवर ठरला नव्हता, तो नाण्याच्या पोटातल्या चांदीनेच ठरवला होता.

पण गंमत पुढे आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली. 1940 मध्ये इंग्रज सरकारने रुपयातली चांदी 50 टक्क्यांवर आणली आणि काही वर्षांत हैदराबादनेही तेच केले. चांदीचे जुने प्रमाण गेले, तरी सातास सहा हा दर तसाच राहिला. संस्थान विलीन झाल्यावर 1950 मध्ये हाली आणि भारतीय रुपया शेजारी शेजारी चालू लागले तेव्हाही हिशेब सातास सहाचाच होता. 1951 नंतर नवे हाली चलन निघणे थांबले आणि 1959 मध्ये ते कायमचे रद्द झाले. आधी चांदीने दर ठरवला, मग दराने चांदीची गरजच संपवली.

2. दौलताबादचा पितळी टंका

दुसरे नाणे मराठवाड्याच्याच भूमीतले, पण सहाशे वर्षे आधीचे. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. मोहिमांचा खर्च वाढत होता आणि चांदी कमी पडत होती. चीनमध्ये कागदी चलन चालते हे ठाऊक होते. सुलतानाने 1330 च्या आसपास पितळेची आणि तांब्याची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावीत असा हुकूम केला.

माझ्याकडे आलेल्या नाण्यावर ‘तख्तगाह दौलताबाद’ हे शब्द आहेत आणि साल आकड्यांत न देता फारसी शब्दांत दिले आहे. दुसऱ्या बाजूला उपदेश आहे : जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराची आज्ञा पाळतो. चलन स्वीकारा हे सांगायला इतकी मोठी साक्ष काढावी लागली, यातच सगळे आले. चीनच्या नोटांवर सरकारी शिक्का असे आणि नक्कल करणाऱ्याला जबर शिक्षा होई. इथे पितळ कोणाही कासाराकडे होते आणि ठसा साधा होता. घरोघरी टाकसाळी झाल्या अशी तक्रार त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी करतो. दोन-तीन वर्षांतच सुलतानाने माघार घेतली आणि पितळी नाणी खजिन्यात घेऊन त्याबदली चांदी दिली. खोटी नाणीही त्यात बदलून गेली. म्हणजे शेवटचा बट्टा लोकांना बसला नाही, खजिन्याला बसला. तुघलकाची कल्पना वेडेपणाची म्हणून हसण्यावारी नेली जाते. आज आपल्या खिशातले सगळे चलन त्याच कल्पनेवर चालते. त्याच्याकडे कमतरता होती ती नक्कल रोखण्याच्या बंदोबस्ताची.

3. पुतळी, म्हणजे व्हेनिसचा डुकाट

आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी अनेकांनी पाहिली आहे. तिचे मूळ इटलीतल्या व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे. 1284 मध्ये ते पहिल्यांदा पाडले गेले आणि 1797 मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचे वजन आणि कस जवळजवळ बदलला नाही : साधारण साडेतीन ग्रॅम, आणि सोने शंभर नंबरीच्या अगदी जवळ. एका बाजूला उभा संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला शहराचा प्रमुख; दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू ख्रिस्त. मिरी-मसाल्याच्या व्यापारात हे सोने अरबस्तानमार्गे आपल्या किनाऱ्यावर उतरले. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी आहे, तीत पुतळ्याही आहेत.

पाचशे वर्षे कस न ढळलेल्या नाण्याला बट्टा कोण लावणार? उलट त्याची नक्कल होऊ लागली. इथल्या सोनारांनी पाडलेल्या पुतळ्यांवर लॅटिन अक्षरे नुसत्या रेघा होतात आणि संत व प्रमुख दोघे सारखेच उभे दिसतात. मला मिळालेली पुतळी अशी देशी नक्कल आहे, कड्याच्या डागासह. अस्सल डुकाटपेक्षा ती मला जास्त आवडते, कारण परक्या नाण्यावरचा भरवसा आपल्या दागिन्यात कसा उतरला ते तिच्यात दिसते.

4. मुंबईत पडलेला मारिया थेरेसा

चौथे नाणे दिसायला पूर्ण परदेशी. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा 1780 मध्ये वारली. तिच्या चेहऱ्याचा चांदीचा थालर तांबड्या समुद्राच्या दोन्ही बाजूंना, विशेषतः इथिओपिया आणि अरबस्तानात, इतका चालत होता की तिथला व्यापारी दुसरे नाणे घेईना. म्हणून ती गेल्यावरही 1780 हेच साल घालून तो पाडत राहावा लागला. वजन 28.07 ग्रॅम, चांदी 83.3 टक्के.

1935 मध्ये मुसोलिनीने इथिओपियावरील स्वारीसाठी व्हिएन्नाकडून या नाण्याचे ठसे आणि हक्क मिळवले. इंग्रजांनाही त्या मुलखात हेच नाणे लागत होते, म्हणून त्यांनी ते लंडनला पाडायला सुरुवात केली आणि युद्धात, 1940-41 मध्ये, मुंबईच्या टाकसाळीतही पाडले. जिवंत राजाच्या रुपयातली चांदी घटत होती त्याच काळात, त्याच टाकसाळीत, दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या राणीचे नाणे पुऱ्या कसाचे निघत होते. कारण उघड आहे. रुपयामागे सरकारचा कायदा होता; थालरमागे कोणाचाच कायदा नव्हता, फक्त गिऱ्हाइकाची सवय होती. कस थोडा जरी घटला असता तर लगेच बट्टा बसला असता.

घरच्या नाण्यांचे काय करावे

यांतल्या चांदी-सोन्याच्या नाण्यांचा हिशेब तागडीवर झाला. तुमच्या घरी जुनी नाणी असतील तर आधी वजन करा. शंभरांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याचे वजन बहुधा जुळत नाही, आणि भिंगाखाली त्यावर हवेचे बारीक खड्डे दिसतात. नाणे चिंचेने किंवा राखेने घासू नका. झळाळी येते, पण अक्षरे झिजतात. ते कोणाकडून, कोणत्या गावातून आले हे कागदावर लिहून सोबत ठेवा.

नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर मात्र ती वाटून घेऊ नका आणि सराफाकडे मोडू नका. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही. मराठवाड्यात अशी कितीतरी हंडी-गाडगी फुटली आणि आतली चांदी मुशीत गेली. पुढचे गाडगे तुमच्या शेतात निघाले तर ते जागेवरच ठेवा आणि तहसील कार्यालयात खबर द्या.

पुढील आठवड्यात : हैदराबाद संस्थानाच्या कागदी नोटा.