डोलत्या डेकवरून समुद्रपक्षी

अल्बाट्रॉस, शिअरवॉटर, स्टॉर्म पेट्रेल हे पक्षी जमिनीवर येतात ते केवळ विणीसाठी, तेही बहुधा निर्जन बेटांवर. काही जाती तर फक्त रात्रीच्या अंधारात बिळात शिरतात. उरलेले आयुष्य खुल्या समुद्रावर जाते. त्यांना उडताना टिपायचे तर जहाजाशिवाय पर्याय नाही, आणि जहाजावर काहीच स्थिर नसते. डेक डोलतो, इंजिनाची थरथर जाणवत राहते, पक्ष्यामागची लाटही हलती.

या पक्ष्यांचे उड्डाण वाऱ्यावर बेतलेले असते. पाण्यालगत घर्षणामुळे वारा मंद असतो, दहा-पंधरा मीटर वर तो जोरात वाहतो. अल्बाट्रॉस वाऱ्याला तोंड देत वर चढतो, माथ्यावर एका अंगावर कलून वळतो आणि वारा पाठीशी घेऊन सुसाट खाली येतो. वेगांतल्या या फरकातून त्याला ऊर्जा मिळते. लॉर्ड रॅली यांनी १८८३ मध्येच हे तत्त्व मांडले होते. खांद्यातली एक कंडरा पसरलेला पंख जागच्या जागी अडकवून धरते, म्हणून साडेतीन मीटरपर्यंत पंखविस्तार असलेला वाँडरिंग अल्बाट्रॉस पंख न हलवता दूरवर जातो. छायाचित्रासाठी मोलाचा असतो तो चढाचा माथा. तिथे पक्ष्याची गती मंदावते आणि कलल्यामुळे पंखाची एक संपूर्ण बाजू समोर येते. काही फेऱ्या नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या की पुढचा माथा कुठे येणार याचा अंदाज बांधता येतो. कॅमेरा त्यानंतर उचललेला बरा.

जागा शक्यतो खालच्या डेकवरची घ्यावी. तिथे झोके कमी बसतात आणि पक्षी डोळ्यांच्या पातळीवर दिसतो. वरच्या डेकवरून मिळते ती फक्त पाठ. आधारासाठी कठड्यावर कोपर टेकण्याचा मोह होतो, पण इंजिनाची कंपने त्याच वाटेने लेन्समध्ये उतरतात. पाय फाकवून, गुडघे सैल ठेवून उभे राहणेच योग्य. एसी केबिनमधून दमट डेकवर आणलेल्या लेन्सवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा थोडा आधीच बाहेर, पण पिशवीत ठेवावा.

शटर स्पीडचा हिशेब सोपा आहे. ताशी ५४ किलोमीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी सेकंदाला १५ मीटर सरकतो. १/५०० सेकंदात तो ३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, १/२००० सेकंदात जेमतेम पाऊण. जहाजाबरोबर समांतर तरंगणाऱ्या पक्ष्याला १/१००० पुरते; लाटांमधून झपकन वळणाऱ्या पेट्रेलला २००० च्या पुढेच जावे लागते. एक्स्पोजर कॅमेऱ्यावर सोडल्यास गडद पाणी पाहून तो चित्र उजळवतो आणि पांढऱ्या पिसांचा तपशील जळून जातो. तोच पक्षी आकाशासमोर आला की काळवंडतो. उजेड बदलत नाही तोवर मॅन्युअल एक्स्पोजर ठेवणे हाच खात्रीचा मार्ग. रात्री मात्र फ्लॅश वापरूच नये. प्रकाशाने भांबावलेले पेट्रेल जहाजावर आदळतात.

इतका खटाटोप कशासाठी, याचे उत्तर न्यूझीलंडने दिले आहे. न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेल हा सुमारे ३५ ग्रॅम वजनाचा पक्षी एकोणिसाव्या शतकातल्या तीन नमुन्यांवरूनच ठाऊक होता आणि नामशेष समजला जात होता. २५ जानेवारी २००३ रोजी व्हिटिआंगाजवळच्या समुद्रात बोटीवरून तसा एक पक्षी टिपला गेला. त्याच्या पांढऱ्या पोटावर गडद रेषा होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात हौराकी आखातात असे अनेक पक्षी पुन्हा कॅमेऱ्यात आले. २००५ मध्ये पहिला पक्षी हाती लागला आणि २०१३ मध्ये लिटल बॅरियर बेटावर त्यांची वीण सापडली. मांजरे आणि उंदीर हटवून ते बेट आधीच सुरक्षित केलेले होते. हलत्या पाण्यावर क्षणभर दिसलेल्या पोटावरच्या रेषांबद्दल डोळ्यांची साक्ष कुणी मानली नसती. छायाचित्रे पुन्हा पुन्हा तपासता आली.

अरबी समुद्राची गोष्ट वेगळी नाही. अंटार्क्टिक परिसरात वीण आटोपून विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल कोकणासमोरच्या पाण्यापर्यंत येतो. शेपटीच्या पुढे डोकावणारे पाय ही त्याची खूण. धावत्या नजरेला ती निसटते, छायाचित्रात सापडते. पावसाळी वाऱ्याने भरकटलेले मास्क्ड बूबी आणि सूटी टर्न किनाऱ्यावर मिळतात, पण खोल समुद्रातल्या नोंदी अजून तोकड्या आहेत. म्हणून तिथे काढलेला फोटो धूसर असला तरी पुसू नये. त्यासोबत तारीख, वेळ आणि जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवावेत, आणि ई-बर्डसारख्या खुल्या नोंदवहीत तो जरूर द्यावा.