सायनसचा स्कॅन नाकारण्याआधी

'पोरीला दिवस गेलेत, किरणं नकोत,' असे म्हणत सायनसचा सीटी स्कॅन नाकारणारी घरे आम्ही कोरेगाव तालुक्यात पाहिली आहेत. भीती खोटी नाही, पण ती अर्धवट माहितीतून येते.

साध्या सर्दी-सायनसला कोणताच फोटो लागत नाही. चेहऱ्याचा साधा एक्स-रे म्हणजे बहुतेक वेळा पैशांची नासाडी. पण डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, नाकात किंवा टाळूवर काळी खपली धरली आणि त्यात साखर वाढलेली असेल, तर एक दिवसही थांबू नये. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या काळ्या बुरशीने, कित्येकांचे डोळे आणि जबडे नेले. त्याच वर्षी मे महिन्यात शासनाने हा आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतला.

सीटी काही मिनिटांत होतो आणि हाड कुठे खाल्ले गेले ते दाखवतो, पण त्यात क्ष-किरण असतात. एमआरआयमध्ये ते नसतात. संसर्ग डोळ्यामागे किंवा मेंदूकडे सरकला का, हेही त्यातच जास्त नीट कळते. मात्र बराच वेळ न हलता पडून राहावे लागते आणि पेसमेकर असेल तर आधी सांगावेच लागते. शिवाय कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकात दुर्बीण घालून तुकडा काढतात, तो तपासला की बुरशी कळते. त्याला किरणे लागत नाहीत.

गरोदर बाईच्या डोक्याचा सीटी काढताना पोट किरणांच्या वाटेत येत नाही. बाळापर्यंत पोचते ती मात्रा नगण्य. एमआरआय करताना गॅडोलिनियमचे इंजेक्शन मात्र शक्यतो टाळतात, म्हणून दिवस गेल्याचे लपवू नका.

किरणे खरोखर सोसत नाहीत असे रुग्ण थोडे. अटॅक्सिया तेलंजिएक्टेशिया हा त्यातला एक दुर्मीळ आनुवंशिक आजार. मूल चालताना झोकांड्या खाते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा दिसतात, सायनस आणि छाती वारंवार भरते. किरणांनी पेशींना झालेली इजा त्याच्या शरीराला नीट दुरुस्त करता येत नाही. नात्यातल्या लग्नांत याची शक्यता वाढते (मामाची मुलगी करणाऱ्या घरांनी हे ऐकावे). अशा मुलाला एमआरआयच आधी. पण तो लगेच मिळत नसेल आणि डोळा जायची वेळ आली असेल, तर डॉक्टरांशी बोलून कमी मात्रेचा सीटी करून घ्यावा.

साताऱ्याला किंवा पुण्याला जाताना जुनी फिल्म, सीडी आणि रिपोर्ट पिशवीत घ्या. नाहीतर तोच स्कॅन पुन्हा काढायला सांगतात.